प्रेते उचलायला चालतात, बंब ओढायला नाही!

संकटात जात-वर्ण कोण पाहतो, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा इतिहास या सुभाषिताचा फोलपणा उघड करतो.

या शहरात आग विझवणारे पगारी दल १८७१ पर्यंत नव्हते. नागरिकच कंपन्या स्थापून बंब ओढत. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने सुरू केलेली युनियन फायर कंपनी ही त्यातली आद्य. या कंपन्यांना पगार नव्हता, पण मान होता, मिरवणूक होती, भाईचारा होता. पुढे त्यातून राजकारणही उभे राहिले. सदस्य कोणाला करायचे, हे कंपनीच ठरवी.

१७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५,००० माणसे मेली. सुखवस्तू लोक पळाले. तेव्हा डॉ. बेंजामिन रश यांनी कृष्णवर्णीयांना हाक दिली. त्यांना हा ताप होत नाही, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा निघाला. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सॉलम जोन्स यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी शुश्रूषा केली, प्रेते उचलली, पुरली आणि त्यातले कित्येक स्वतः मेले. बक्षीस काय मिळाले? मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर लुबाडणुकीचा आरोप छापला. १७९४ साली ॲलन-जोन्स यांना जमाखर्चासह उत्तर छापावे लागले.

१८१८ साली याच समाजातल्या तरुणांनी 'आफ्रिकन फायर असोसिएशन' काढली. मागणी एवढीच, की आम्हीही आग विझवू. गोऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जमले. अशा संस्थेने शांतता बिघडेल, तिला कोणी आधार देऊ नये, असे त्यांनी जाहीर केले. दंगलीच्या भीतीने जेम्स फोर्टन, रसेल पॅरट या समाजातल्याच प्रतिष्ठितांनी तरुणांना संस्था मोडायला सांगितले. ती मोडली.

माघारीने शांतता मिळाली का? १८३४ साली कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ले झाले. १७ मे १८३८ च्या रात्री गुलामगिरीविरोधकांचे नवे पेनसिल्व्हेनिया सभागृह जमावाने जाळले. काळे-गोरे तिथे एकत्र बसत, हा त्या सभागृहाचा गुन्हा. बंब आले, पण पाणी मारले ते शेजारच्या इमारतींवर! दुसऱ्या दिवशी कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमावर जमाव गेला, तेव्हा एका कंपनीने तो वाचवला, हेही खरे. पण वाचवणे न वाचवणे त्यांच्या मर्जीवर होते. ज्यांना बंबाला हात लावू दिला नाही, त्यांचे घर विझवायचे की नाही हे दुसरेच ठरवणार, हा त्याचा अर्थ.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, कारण दोन्हीकडची व्यवस्था त्यांना ओळखीची वाटली होती. आपल्याकडेही हेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची सैन्यभरती बंद झाली. १९१७ साली महायुद्धाला माणसे हवी झाली, तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. १९४१ साली पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट. त्या वेळी बाबासाहेबांनी त्यासाठी रेटा लावला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, कष्ट आपल्याला कोणी कधी नाकारले नाहीत. नाकारली ती संघटना, गणवेश आणि निर्णयाची जागा. आरक्षण मागताना आपण उपकार मागत नाही, बंबाचा दांडा मागतो. गावागावात आपत्तीसाठी स्वयंसेवकांची पथके बनतात, तेव्हा यादी मागून पाहा. नाल्यात कोण उतरले आणि पथकप्रमुख कोण, हे दोन प्रश्न विचारा. आणि 'शांततेसाठी' मागे या असा सल्ला मिळाला, तर तो देणाऱ्याला १८१८ नंतरची वीस वर्षे आठवून द्या.

जय भीम!