ट्रम्पेटचे ऋण

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हा जाझ हे धनिकांचे नृत्यसंगीत होते. ते सामान्यांच्या कानी पोहोचविले गोमंतकीय वादकांनी. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवीत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना ‘अलबेला’साठी (१९५१) त्यांचे साहाय्य लाभले आणि जाझची लय घरोघरी शिरली. गाणी ओठांवर राहिली. वादकाचे नाव मात्र मागे पडले.

जिज्ञासूने प्रथम ‘अलबेला’ ऐकावा. मग ड्यूक एलिंग्टन यांची ‘फार ईस्ट स्वीट’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका. १९६३च्या भारतभेटीचे पडसाद तीत उमटले आहेत. मात्र आवडती तबकडी दुसऱ्यास सुचविताना वादकांची नावेही आवर्जून सांगावीत. रसिकाने त्यांचे ऋण फेडावे ते असेच.