थेंब की कक्षा?

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, भौतिकशास्त्र माझा विषय नव्हे. पण विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगतो. दोन मतं समोरासमोर उभी राहिली की आपण विचारतो, खरं कोणतं? अणुकेंद्राच्या बाबतीत दोन्ही खरी निघाली, पण अर्धी अर्धी.

१९३९ साली नील्स बोर आणि व्हीलर यांनी युरेनियमचं विखंडन समजावताना अणुकेंद्राला द्रवाचा थेंब मानलं. सगळे कण एकत्र हलतात, थेंब लांबट होतो आणि तुटतो. १९४९ मध्ये मारिया गेपर्ट-मायर आणि येन्सन यांनी वेगवेगळं काम करून उलटच दाखवलं: प्रत्येक कण आपल्या कक्षेत जवळजवळ स्वतंत्र फिरतो. ५०, ८२ अशा 'जादुई' संख्यांची अणुकेंद्रं जास्त स्थिर का, हे त्यातून सुटलं. पण काही अणुकेंद्रं एवढी लांबट होती की एकेका कणाच्या हिशेबात ती बसेनात.

१९५० मध्ये कोलंबिया विद्यापीठात रेनवॉटर यांनी मांडलं की बाहेरचे कण आतल्या गाभ्यालाच ताणत असतील. त्यांच्याच खोलीत तेव्हा नील्स बोर यांचा मुलगा ओगे बसत असे. त्याने कोपनहेगनला परतून मॉटलसन यांच्याबरोबर १९५२-५३ मध्ये बापाचा थेंब आणि नव्या कक्षा एकत्र जुळवल्या. लांबट अणुकेंद्र फिरतं आणि दोन तऱ्हांनी थरथरतं. बीटा कंपनात त्याची लांबी कमीजास्त होते, गॅमा कंपनात त्याची गोल कंबर चपटी होते. ऊर्जा किती? एर्बियम-१६६ मधला एक न्यूट्रॉन उपटायला ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त लागतात, गॅमा कंपनाला आठ लाखांच्या आत, आणि फिरण्याच्या पहिल्या पायरीला फक्त ८१ हजार.

१९७५ चं नोबेल या तिघांना मिळालं. गोष्ट इथे संपायला हवी, पण संपत नाही. गॅमा कंपनं अनेक लांबट अणुकेंद्रांत सापडली. बीटाचं तसं नाही. ज्या पातळ्यांना बीटा कंपन म्हटलं गेलं, त्यांतल्या पुष्कळांची मोजमापं सिद्धांताशी जुळत नाहीत. त्या नेमक्या काय आहेत, यावर अजून वाद चालू आहे.

पाठ्यपुस्तकात पारितोषिकाचं साल आलं की धडा संपतो आणि मुलं सनावळी पाठ करतात. मला वाटतं, शिक्षकाने खरं तर तिथूनच पुढे बोलायला हवं.