मॉड्युलर सिंथेसायझर आणि बाह्य ध्वनी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास बहुधा कीबोर्डच्या अंगाने मांडला जातो. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका गाजली आणि सिंथेसायझर म्हणजे पट्ट्यांवर वाजवायचे नवे वाद्य, ही समजूत दृढ झाली. मायक्रोफोन व अन्य वाद्ये या यंत्रास जोडण्याची परंपरा अभ्यासली असता मात्र ही समजूत अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेतला आहे.

प्रारंभ :
जर्मन अभियंते हाराल्ड बोडे यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत सुट्या घटकांची यंत्रणा सिद्ध केली. उपलब्ध ध्वनीवर प्रक्रिया करणे, हे तिचे महत्त्वाचे कार्य होते. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी विद्युतदाबाने नियंत्रित होणारे घटक मांडले. पुढे मूग यांच्या यंत्रणेत 'एन्व्हलप फॉलोअर' हा घटक समाविष्ट झाला.

जोडणीचे स्वरूप :
मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. मॉड्युलर यंत्रातील संकेत काही व्होल्टचे असतात. त्यामुळे प्रथम प्रवर्धन आवश्यक ठरते. त्यानंतर बाहेरचा ध्वनी यंत्रातील फिल्टरमधून नेता येतो. परंतु खरा बदल घडविला तो एन्व्हलप फॉलोअरने. हा घटक संकेताची ऋण बाजू धन करतो, त्यातील चढउतार मृदू करतो आणि आवाजाच्या तीव्रतेचे नियंत्रक विद्युतदाबात रूपांतर करतो. मृदूकरण कमी झाल्यास दाब थरथरतो, अधिक झाल्यास प्रतिसाद विलंबाने येतो. तीव्रतेने ठरावीक मर्यादा ओलांडताच नवा स्वर सुरू करणारा संकेतही मिळविता येतो. अशा रीतीने गायकाचा श्वास वा वादकाचा आघात यंत्राचा चालक बनतो.

विकास :
१९७० मध्ये कार्लोस व मूग यांनी व्होकोडर तयार केला. त्यात मानवी आवाज अनेक कंपनपट्ट्यांत विभागला जातो आणि प्रत्येक पट्ट्याची तीव्रता सिंथेसायझरच्या ध्वनीतील संबंधित पट्ट्याचे नियंत्रण करते. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) या चित्रपटातील बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचे गायन याच तंत्राने साधले. इंग्लंडमध्ये रॉक्सी म्युझिक या वाद्यवृंदात ब्रायन ईनो सहकाऱ्यांच्या वाद्यांचे ध्वनी 'व्हीसीएस ३' या सिंथेसायझरमधून नेत असत. १९७८ मध्ये जपानच्या कोर्ग कंपनीने 'एमएस-२०' या अर्ध-मॉड्युलर यंत्रात बाह्य ध्वनीसाठी स्वतंत्र विभागच दिला. हा विभाग तीव्रतेबरोबर स्वराची उंचीही विद्युतदाबात बदलतो. तथापि, एका वेळी एकच स्वर असेल तरच हे साधते. अनेक स्वर एकत्र आल्यास यंत्राची फसगत होते. १९९० च्या दशकात जर्मनीच्या डोएप्फर कंपनीने 'ए-१००' ही मॉड्युलर मालिका आणली. तिच्यातील 'ए-११९' या एकाच घटकात प्रवर्धन, तीव्रतामापन व स्वरारंभाचा संकेत ही तिन्ही कार्ये एकत्र आली.

निष्कर्ष :
साध्या कीबोर्डची पट्टी यंत्राला कोणता स्वर, केव्हा आणि किती वेळ, एवढेच सांगते. स्वर चालू असताना त्यात होणारे सूक्ष्म बदल ती सांगू शकत नाही. श्वास, गज व बोट यांतून घडणारे हे बदल यंत्रापर्यंत पोहोचविण्याचे कार्य बाह्य जोडणीने केले. म्हणून तिला दुय्यम सोय न मानता या वाद्याच्या इतिहासाचा एक मुख्य प्रवाह मानणे उचित ठरेल. तसे केल्यास या इतिहासात कीबोर्डवादकाच्या बरोबरीने गायक व इतर वादक यांनाही त्यांचे न्याय्य स्थान मिळेल.