‘ग्लिच-फ्री’ आवाजाची तडतड

नागपूरच्या गांधीबागेतील एखाद्या कापडपेढीवर नोव्हेंबर २००८ मध्ये लिनक्सची नवी फेडोरा १० आवृत्ती बसवली असती, तर गाण्याबरोबर तडतडही ऐकू येण्याचा संभव होता. संशय साहजिकच स्पीकरवर गेला असता.

मूळ निराळे होते. लेनार्ट पोएटरिंग यांच्या पल्सऑडिओने त्या वर्षी ध्वनी पुरवण्याची वेळ साउंड कार्डाच्या इशाऱ्यांऐवजी संगणकाच्या टायमरवरून ठरवण्यास आरंभ केला. पद्धतीचे नाव ‘ग्लिच-फ्री’, म्हणजे निर्दोष. दैवदुर्विलास असा, की बोभाटा तिचाच झाला! कार्डाने किती ध्वनी वाजवून संपवला, याचा अचूक हिशोब तिला लागे. अनेक ड्रायव्हर तो चुकीचा देत. साठा अकाली रिता होई, स्वर तुटे. शिव्या मात्र पल्सऑडिओला.

जाणकार सेटिंगच्या फाइलीत एक नोंद घालून टायमर-पद्धत बंद करीत. तडतड पुष्कळदा थांबे. खरी दुरुस्ती ड्रायव्हरांतच होणे भाग होते.