पेशी आणि मूळपेशी (स्टेम सेल): उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी

"डॉक्टर, मुलाला स्टेम सेलची इंजेक्शनं द्या म्हणतात. पाच वेळा घ्यावी लागतील. देऊ का?"

हा प्रश्न वर्षातून दोन-चार वेळा तरी माझ्या दवाखान्यात येतो. विचारणारे बहुधा आई-वडील असतात. मुलाला सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असते, हातात गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक असते आणि पैशांची जुळवाजुळव सुरू झालेली असते. माझे उत्तर "नाही" असेच असते. पण नुसत्या "नाही"ने आईचे समाधान होत नाही, म्हणून पेशीपासून सुरुवात करतो.

पेशी म्हणजे काय?

शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, त्यात दिसलेले चौकोनी कप्पे म्हणजे पेशी. आपले शरीरही पेशींचेच बनलेले आहे. अंदाजे ३० लाख कोटी पेशी, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या लाल रक्तपेशी! बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढ्या असतात.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. आत काय घ्यायचे आणि बाहेर काय टाकायचे, हे तिथे ठरते. याचे उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. जुलाब झाल्यावर आम्ही नुसते पाणी न सांगता साखर-मिठाचे पाणी किंवा ओआरएस का सांगतो? आतड्याच्या पेशीच्या पटलावर एक असे दार आहे, जे मिठातले सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. ती जोडी आत गेली की मागोमाग पाणीही जाते. जुलाबातसुद्धा हे दार बहुधा चालू राहते. मधुमेहातही गोष्ट दाराचीच आहे. इन्शुलिन आल्याशिवाय स्नायूंच्या पेशी साखर नीट आत घेत नाहीत, म्हणून ती रक्तात साठत राहते.

पेशीच्या आत तंतुकणिका ऊर्जा तयार करतात, रायबोसोम प्रथिने बनवतात आणि केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. या गुणसूत्रांत संपूर्ण शरीराची माहिती असते. यकृताची पेशी काय आणि डोळ्याची काय, माहिती तीच, पण प्रत्येक पेशी आपल्या कामाची तेवढीच पाने वाचते. लाल रक्तपेशीची तऱ्हा मात्र वेगळी. जास्तीत जास्त हिमोग्लोबिन मावावे म्हणून ती तयार होतानाच केंद्रक टाकून देते. त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही आणि ती सुमारे १२० दिवसांत संपते.

मग नव्या पेशी कुठून येतात?

आतड्याचे अस्तर ४-५ दिवसांत बदलते, तर प्लेटलेट ८-१० दिवस टिकतात. लाल पेशी दर सेकंदाला सुमारे २० लाख तयार व्हाव्या लागतात. हे काम मूळपेशींचे. मूळपेशीला दोन गोष्टी जमतात: स्वतःसारखीच आणखी एक पेशी बनवणे आणि विशिष्ट काम करणारी पेशी तयार करणे. रक्ताच्या मूळपेशी मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेचे हाड, मणके, छातीचे हाड आणि बरगड्या यांच्या मज्जेत असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मोठ्या माणसातल्या मूळपेशी आपापल्या घराण्यातल्याच पेशी बनवतात. रक्ताच्या मूळपेशीपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात, मेंदू नव्हे. कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूळपेशी असतात, पण त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा तशा अवस्थेत नेऊन दाखवले. त्याबद्दल त्यांना २०१२ चे नोबेलही मिळाले. त्यावर आधारलेल्या उपचारांचे संशोधन चालू आहे, मात्र गल्लीतल्या क्लिनिकमध्ये मिळते ते हे नाही.

खरा उपचार कोणता?

अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतात ते १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्यांदा झाले. काही रक्तकर्करोग, थॅलेसेमिया, सिकल सेल, मज्जा निकामी होणे अशा आजारांत ते जीव वाचवू शकते. आधी औषधांनी रुग्णाची आजारी मज्जा रिकामी करतात, मग दात्याच्या मूळपेशी रक्तासारख्याच शिरेतून चढवतात. त्या आपणहून मज्जेत जाऊन बसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. सख्ख्या भावाचे किंवा बहिणीचे ऊतक पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. धोकेही आहेत: जंतुसंसर्ग होतो, कधी दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. म्हणून ते मोठ्या, सुसज्ज केंद्रातच करावे.

आणि ती इंजेक्शने?

कंबरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी काढून शिरेत किंवा पाठीच्या मणक्यात सोडल्या, तर त्या मेंदूतल्या खराब झालेल्या पेशींची जागा घेतात, असे सिद्ध झालेले नाही. शिरेतून दिलेल्या अशा बऱ्याच पेशी फुप्फुसातच अडकतात. संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, क्वचित गाठ होणे हे धोके उरतातच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूळपेशींचा इतर वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून क्लिनिकमध्ये दोनच गोष्टी विचारा: सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय आहे, आणि खर्च कोण करणार? पावती फाडायला सांगितली, तर ती चाचणी नव्हे.

"मुलगा थोडा सुधारला" असे सांगणारे पालक खोटे बोलत नसतात. त्या महिन्यांत फिजिओथेरपीही जोरात चालू असते, आणि मूल वाढतही असते.

नाळेतले रक्त साठवण्याबद्दल थोडक्यात. बाळाला पुढे थॅलेसेमिया निघाला, तर त्याच्याच नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, म्हणजे त्या तशाच परत देऊन उपयोग नाही. घरात आधीच एखाद्या भावंडाला असा आजार असेल, तर मात्र प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोला, तेव्हा साठवण्याला अर्थ आहे. इतरांनी जाहिरात पाहून कर्ज काढू नये.

सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलासाठी लवकर सुरू केलेली आणि सातत्याने केलेली थेरपी हाच आजचा उपचार आहे: फिजिओथेरपी, वाचा उपचार, व्यवसायोपचार, आणि झटके येत असतील तर त्यांची औषधे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि जाताना मुलाचे जन्माच्या वेळचे कागद व आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट सोबत न्या.