पूर्णेची थंडी, हँडल आणि चोक

मागच्या डिसेंबरात एका वीकांताला पुण्याहून गाडी घेऊन पूर्णेला गेलो होतो, काकांकडे. जाताना टायरमध्ये हवा भरली, काच पुसली, झालं. आपल्याकडे गाडीची 'हिवाळ्याची तयारी' म्हणजे फार तर मागच्या सीटवर एक स्वेटर. बाकीचं सगळं बर्फाच्या देशातल्या लोकांनी करायचं, असा माझा ठाम समज होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला काकूंच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडला न्यायचं ठरलं. काकूंना शालीत गुंडाळून मागे बसवलं, चावी फिरवली.. आणि कट्. परत फिरवली, कट् कट् कट्. बस्स. बाहेर चांगलीच थंडी. ज्यांना अतिशयोक्ती वाटेल त्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदवलेलं तापमान आठवावं, काही वर्षी तिथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे.

शेजारची दोन मुलं उठून आली. धक्का मारला, सेकंड गिअर टाकला, क्लच सोडला, तिसऱ्यांदा गाडी लागली. मधे अठरा मिनिटं गेली. काकू सुखरूप आहेत, डॉक्टरांनी वेळेत आणलंत म्हणून सांगितलं. पण ती अठरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

दुपारी घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "काय रे, पुण्याच्या गाडीला थंडी वाजली काय? आम्ही तर इंजिन कधी थंडच होऊ देत नव्हतो."

काका रेल्वेत, पूर्णेच्या लोको शेडमधून रिटायर झाले. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

पूर्णा हे गाव नकाशावर मोठं दिसतं ते रेल्वेमुळे. निजामाच्या काळात १९०० च्या आसपास हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाईन झाली, पुढे इथून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या मीटरगेजवर वायपी आणि वायजी जातीची वाफेची इंजिनं आली. पार थंड पडलेल्या वाफेच्या इंजिनात पुरेशी वाफ तयार व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून पहाटेच्या गाडीचं इंजिन रात्री विझवत नसत. निखारे दाबून, सारखे करून ठेवायचे, बॉयलरमधल्या पाण्यावर लक्ष ठेवायचं. त्यासाठी रात्रभर माणूस जागा. थोडक्यात, थंडीची तयारी हे एक कामच होतं आणि त्याला पगार होता!

मोटार आली ती "मला असं रात्रभर सांभाळावं लागत नाही" हे सांगतच. पण थंडी तिलाही सुटली नाही. थंडीत इंजिन ऑईल घट्ट होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे जेव्हा जास्त जोर हवा, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

सुरवातीला बॅटरीवर भिस्तच नव्हती. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. इंजिन उलटं झटका मारी, मनगटं मोडत. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवायचे की अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीत अडकवू नकोस. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने यावर उपाय काढला. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर बसवली होती. ती मोटर छोटी, पण काही क्षणच चालायची, म्हणून तेवढ्यापुरता मोठा भार उचलू शकायची. तीच युक्ती मोटारगाडीत आली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर बसला. हँडल गेलं, पण सगळा भार बॅटरीवर आला. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर :)

आपल्याकडे हे सगळं सावकाश पोचलं. निजामाच्या रेल्वेनेच १९३२ साली २७ बसगाड्यांनी रस्ता वाहतूक सुरू केली. पुढे आली अँबॅसॅडर. तिच्या डिकीत हँडल असायचं आणि डॅशबोर्डावर चोकचं बटण. थंड सकाळी चोक ओढायचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये हवा कमी आणि पेट्रोल जास्त. इंजिन तापलं की हळूहळू आत ढकलायचा. विसरलात तर प्लग काळे. काका सांगतात, गल्लीतल्या डॉक्टरांची अँबॅसॅडर रोज रात्री उतारावर उभी असायची. बॅटरी गेली तरी पेशंटकडे पोचता यावं म्हणून.

मग फ्युएल इंजेक्शन आलं, चोक कॉम्प्युटरने आपल्याकडे घेतला. ऑईलच्या डब्यावर 'डब्ल्यू' आला. हा डब्ल्यू म्हणजे विंटर. २० डब्ल्यू ४० पेक्षा ५ डब्ल्यू ३० थंडीत पातळ राहतं, इंजिन सहज फिरतं. लडाखमध्ये तर डिझेलच गोठायचं. तिथे २०१९ साली इंडियन ऑईलने उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. थोडक्यात, एकेक करून सगळी तयारी माणसाच्या हातून गाडीत गेली, आणि माणूस विसरला की मुळात काही तयारी लागते.

एक गोष्ट मात्र गाडीत गेली नाही. ती म्हणजे बॅटरीचं वय. आणि इथेच मराठवाड्याची खरी गंमत आहे. बॅटरीला थंडी मारत नाही, मे महिना मारतो. ४३-४४ अंशांत तिचं पाणी आटतं, आतल्या पट्ट्या झिजतात. तरी ती पावसाळा ओढते, कारण इंजिन सहज फिरतं. डिसेंबरात शून्याजवळ तिचा साधारण एक तृतीयांश जोर कमी होतो आणि मग उन्हाळ्यातला मार उघडा पडतो. आमच्याकडे जसा महिनोन्महिने झोपलेला बग प्रॉडक्शनमध्ये नेमका रिलीजच्या रात्री उठतो, तसं. काकांच्या शब्दांत, "मार उन्हाळ्याचा, बोंब हिवाळ्यात."

माझी बॅटरी चार वर्षांची होती. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दोष थंडीचा नव्हताच.

तर मंडळी, दिवाळीचा फराळ संपला की एक सकाळ गाडीला द्या. बॅटरी तीन वर्षांपुढची असेल तर लोड टेस्ट करून घ्या, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. कूलंट भरा, बोअरचं पाणी नको; इथे ते गोठणार नाही, पण क्षार साचून रेडिएटर बंद करेल. टायरची हवा सकाळी गार असताना तपासा, कारण पारा दहा अंश उतरला की साधारण दोन पीएसआय कमी होतात. आणि धुक्यात लो बीम ठेवा. हाच ऊसतोडीचा हंगाम, रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. हाय बीमने फक्त पांढरी भिंत दिसते, भिंतीमागची ट्रॉली नाही.

नवी बॅटरी बसवली त्या दिवशी काकांनी खिशातून मार्कर काढला आणि तिच्यावर ठळक तारीख लिहिली. शेडमध्ये म्हणे कुठलाही भाग बदलला की तारीख पडायचीच. "रात्रभर जागायला आता माणूस नाही, निदान तारीख तरी जागी असू दे," म्हणाले.

असो. जाऊन बघा, तुमच्या बॅटरीवर तारीख आहे का?