पॅरिस, ऑगस्ट २००३ : उष्म्यानं घेतलेले म्हातारे जीव

उन्हाळा सुरू झाला की आपण विचारतो, आज पारा किती चढला? आज मात्र मी तुम्हाला रात्री पारा किती उतरला, ते बघायला सांगणार आहे. त्यासाठी फ्रान्सला जावं लागेल.

ऑगस्ट २००३ च्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिम युरोपात उष्णतेची मोठी लाट आली. पॅरिसमध्ये दिवसा तापमान चाळिशीच्या जवळ गेलं. विदर्भातला माणूस म्हणेल, एवढंच? पण ११ आणि १२ ऑगस्टला तिथं रात्रीचं तापमानसुद्धा २५ अंशांच्या खाली उतरलं नाही. १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. त्यात बहुसंख्य माणसं पंचाहत्तरीच्या पुढची होती.

असं का झालं? वय वाढलं की घाम कमी सुटतो आणि तहान लागल्याचं कळेनासं होतं. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि म्हाताऱ्या हृदयाला तो भार जड जातो. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी आणखी घटतं. दिवसाचा हा ताण रात्रीच्या गारव्यात थोडा भरून निघतो. गारवाच आला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर हार मानतं. पॅरिसची घरं थंडीसाठी बांधलेली, वर जस्ताच्या पत्र्याची छपरं. छपराखालच्या, एके काळी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या तर भट्टीसारख्या तापल्या.

आणि सरकार? ऑगस्ट म्हणजे फ्रान्समध्ये सुट्टीचा महिना. १० ऑगस्टला पात्रिक पेलू या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवरून इशारा दिला की माणसं मरताहेत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री मातेई सुट्टीच्या घरून, पोलो शर्टात, परिस्थिती आटोक्यात असल्याचं सांगताना देशानं पाहिले. त्याच्या पुढच्याच दिवशी, १२ ऑगस्टला, एका दिवसात २,००० हून जास्त अधिकचे मृत्यू झाले. शवागारं अपुरी पडली, रुंजिसच्या घाऊक बाजारातलं शीतगृह वापरावं लागलं. आरोग्य महासंचालकांनी राजीनामा दिला. ३ सप्टेंबरला पॅरिसजवळ तिये इथं ५७ बेवारस मृतदेहांचं दफन झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते.

मग दोष कुणाचा, यावर वाद पेटला. मुलं आईबापांना टाकून समुद्रकिनारी गेली, असं बोललं गेलं. आपल्यालाही हे पटकन पटतं, नाही का? पण आकडे तेवढं सोपं उत्तर देत नाहीत. मृतांपैकी बरेच जण रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत गेले, म्हणजे आजूबाजूला माणसं असताना. पाणी पाजायला, अंग पुसायला, गार खोलीत न्यायला हात कमी होते. माया असेलही, व्यवस्था नव्हती.

त्यातून फ्रान्स शिकला. २००४ च्या कायद्यानं एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवणं महापौरांवर आलं. लाटेचा इशारा मिळाला की यादीतल्या माणसांना फोन जातात. वृद्धांच्या सेवेला पैसा हवा म्हणून वर्षातला एक दिवस बिनपगारी कामाचा ठरला. जुलै २००६ मध्ये पुन्हा लाट आली. जुन्या अनुभवावरून सुमारे ६,४०० जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज निघत होता, प्रत्यक्षात सुमारे २,००० झाले. अर्थात, यादीत नाव घालणं ऐच्छिक आहे, आणि जो सर्वांत एकटा, तोच नाव देत नाही. ही अडचण उरतेच.

आपल्याकडे अहमदाबादनं हा धडा मे २०१० मध्ये घेतला. पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये तिथं उष्णता कृती आराखडा आला, पुढे नागपूरनंही तो मार्ग धरला.

आता आपल्या इमारतींकडे बघा. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, आजी वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची. फोनवर ‘आई, बरी आहेस ना?’ विचारलं की ती ‘बरी आहे’च म्हणणार, कारण तिला तहान कळतच नाही. तेव्हा विचारा, सकाळपासून किती भांडी पाणी प्यालीस? रात्री झोप लागली का? गोळ्यांचं डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा, आपल्या मनानं बंद करू नका. विदर्भात कूलर कामाचा, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो फारसा उपयोगी नाही. तिथं ओल्या फडक्यानं अंग पुसून पंखा लावा. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा.

आणि एप्रिल संपायच्या आत आपल्या सोसायटीत एक यादी करा. एकटं कोण राहतं, आणि त्यांच्या दारावर रोज कोण थाप मारणार? दुसरं नाव लिहिल्याशिवाय यादी पुरी झाली असं समजू नका.

आता प्रश्न घेऊ या.